भरवशाचा खटका

जून महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेसात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, उत्तरेकडे जाणाऱ्या एका गावरस्त्यावर, रेल्वेचे रूळ ओलांडल्यावर पन्नासेक पावलांवर एक गृहस्थ उकिडवे बसून डांबरावरची पांढुरकी रेघ न्याहाळत होते. रेघ रस्तेखात्याने मारलेली नव्हती. ती ॲल्युमिनियमची होती, रुळांपासून निघालेली, आणि जिथे संपत होती तिथे त्यांच्या होडीचं मशीन रस्त्याला टेकलं होतं. हे गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक. यापुढे त्याला एकेरीत संबोधायला हरकत नाही. त्या सकाळी त्याने आदरार्थी बहुवचन कमावलेलं नव्हतं.

होडी सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, तीन मालक पाहून झालेली. मागे २५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, जुन्या बनावटीचं, वजन सत्तर किलोंच्या घरात, हाताने उचलायचं. डेट्रॉइटच्या उपनगरातून निघून होटन लेकवर पोचायचं, वॉलआय मासे गळाला लावायचे आणि रात्री मित्रमंडळींना कालवण वाढायचं, असा बेत होता. निघताना लेखकाने मशीन मागे कलतं करून वर उचललं. ते वर अडकवून ठेवणारा खटका ‘खट्’ असा वाजला, आणि त्या एका आवाजावर पठ्ठ्याने तीन तासांचा प्रवास सोपवून दिला.

भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तो रुळांवर. ट्रेलर उसळला, त्यासरशी मशीन बोटभर वर उडालं. खटका धरून असतो तो मशीनच्या वजनामुळेच. वजन उठलं तसा तो मोकळा झाला, आणि मशीन परत खाली आलं तेव्हा त्याला अडवायला काही नव्हतं. पंख्याखालचं त्रिकोणी पातं, ज्याला स्केग म्हणतात, ते रस्त्यावर घासून अर्धं गेलं. खटक्याचा कान तुटला. आणि ज्या मागच्या फळीवर मशीन टांगलेलं असतं त्या ट्रान्समच्या वरच्या कडेला, आतल्या प्लायवुडमध्ये, एक चीर दिसू लागली. दुरुस्तीचं बिल कित्येकशे डॉलरचं झालं. हे सगळं टाळणारा आधाराचा दांडा शंभर डॉलरच्या आत मिळतो.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. मशीनची पुस्तिका होडीतच होती, आधीच्या मालकाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आणि नव्या मालकाने तितक्याच भक्तिभावाने न उघडलेली. यामाहाच्या पुस्तिका घ्या की मर्क्युरीच्या, दोन्हींत हे जवळपास सारखंच सांगितलेलं असतं: होडी ट्रेलरवरून नेताना मशीन खाली, म्हणजे चालवताना असतं तसं उभं ठेवावं, जमिनीपासून अंतर कमी पडत असेल तरच वर उचलावं, आणि उचललं तर त्याला वेगळा आधार द्यावा. कलवून ठेवण्याचा खटका त्यासाठी बनवलेला नाही, हेही तिथे स्वच्छ छापलेलं असतं. मर्क्युरीवाले तर बटणावर वर-खाली होणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेवरही रस्त्यात विसंबू नका म्हणतात.

मग खटका असतो कशाला? होडी धक्क्याला बांधलेली असताना पंखा पाण्याबाहेर राहावा, किनाऱ्यालगत होडी वाळूवर चढवताना मशीन तळाला लागू नये, उतारावरून होडी पाण्यात सोडताना स्केग काँक्रीटला घासू नये, एवढ्यासाठी. म्हणजे उभ्या उभ्या किंवा फार तर रांगत्या चालीने. ताशी शंभर किलोमीटरचा रस्ता त्याच्या कामात कधी धरलेलाच नव्हता.

यामागे एक साधं गणित आहे. मशीन उभं असतं तेव्हा त्याचं वजन फळीला लागून सरळ खाली जातं. ते कलवलं की पंख्याकडचं टोक दोन-तीन फूट मागे जातं आणि सगळ्या मशीनची पहार होते. आपण खिळा उपटायला पहार वापरतो. इथे रस्त्यातला प्रत्येक खड्डा ती पहार वापरतो, आणि उपटायला काढलेली असते आपलीच फळी. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोराचा असला तर सत्तर किलोंचं मशीन क्षणभर एकशेचाळीस किलोंचं होतं. मिशिगनमध्ये खड्ड्यांची वानवा नाही. हिवाळाभर पाणी गोठतं-वितळतं आणि डांबर फुगून फुटतं, त्यामुळे वसंतातले तिथले रस्ते पाहून एखाद्या कोकणी माणसाला घरी आल्यासारखं वाटावं.

आउटबोर्ड मशीन बाजारात रुजलं ते याच भागातून, हे त्या दिवशी टो-ट्रकची वाट बघताना लेखकाला आठवलं. तेवढा वेळ होता. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनला त्याच्या मशीनचं पेटंट मिळालं १९०७ मध्ये. मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने आपलं मशीन १९०९ मध्ये बाजारात आणलं: दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे २८ किलो. वॉटरमनच्या मशीनचं नाव ‘पोर्टो’. कल्पना अशी की माणसाने मशीन हातात उचलून न्यावं, भाड्याच्या होडीला लावावं, फिरून आल्यावर काढून घरी आणावं. मशीन होडीला लटकलेलं ठेवून सगळा संसारच रस्त्यावरून ओढत नेण्याची चाल पुढची. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर लहानपणी पाहिलेलं दृश्य त्या मूळ कल्पनेच्या जास्त जवळचं: होडी वाळूवर ओढून झाली की मशीन सोडायचं, खांद्यावर टाकायचं आणि घराच्या पडवीत नेऊन ठेवायचं.

म्हणून पहिला सल्ला पडवीचाच. मशीन लहान असेल तर ते ट्रेलरवर नेऊच नये. अडीच हॉर्सपॉवरपर्यंतची मशीनं साधारण १३ ते १८ किलोंची असतात. दहा हॉर्सपॉवरच्या आसपास वजन चाळीस किलोंकडे जातं, तिथे दोन माणसं लागतात. काढलेलं मशीन आधी थोडा वेळ उभं धरून आतलं पाणी निथळू द्यावं, मगच आडवं करावं. फोर-स्ट्रोक असेल तर ते कोणत्या कुशीवर निजवायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं आणि बहुतेक मशीनांना त्या बाजूला टेकू किंवा खूण असते. चुकीच्या कुशीवर निजवलं तर तेल सिलिंडरमध्ये शिरतं, आणि मग सुरू करताना जो धूर निघतो त्याने धक्क्यावरची सगळी मंडळी ओळखीची होतात. टाकी मशीनच्या आतच असेल तर तिच्या झाकणावरची हवेची कळ बंद करायला विसरू नये.

मशीन काढता येण्यासारखं नसेल, तर ट्रेलर सपाट जागी उभा करून मशीन पूर्ण खाली सोडावं आणि स्केगपासून जमिनीपर्यंत मोजावं. वीतभरही अंतर नसेल तर ते उभं नेणं धोक्याचं. रुळांचा उंचवटा किंवा घरासमोरचा चढ तेवढं अंतर सहज खातो. अंतर भरपूर असेल तर प्रश्न मिटला: मशीन उभंच न्यावं, हाताने उचलायच्या मशीनचं रिव्हर्स लॉक, म्हणजे त्याला आपोआप वर उठू न देणारी कडी, लागलेलं आहे ना ते पाहावं, आणि पुढचं सगळं सोडून द्यावं. लहान होड्या ट्रेलरवर बुटक्या बसतात, म्हणून हे सुख त्यांच्या वाट्याला कमी येतं.

आता तो दांडा. बाजारात त्याला ट्रान्सम सेव्हर म्हणतात. एका टोकाला रबर लावलेली व्ही आकाराची बेचकी, तिच्यात मशीनचा खालचा भाग बसतो. दुसरं टोक ट्रेलरच्या मागच्या रोलरवर किंवा आडव्या लोखंडी पट्टीवर अडकतं. मशीन आधी थोडं जास्त वर घ्यायचं, दांडा लावायचा, मग मशीन हलकेच त्याच्यावर उतरवायचं, इतकं की बेचकी दाबून बसेल. वर पट्टा. बेचकी पंख्याला किंवा पाणी ओढणाऱ्या जाळीला लागू द्यायची नाही. ट्रेलरकडच्या टोकाला पिन आणि पिनला क्लिप हवी. नुसती पिन हीही खटक्याचीच धाकटी बहीण. आणि मशीन रस्त्याला लागणार नाही एवढंच वर ठेवायचं, त्याहून वर नाही.

नाव ट्रान्सम सेव्हर असलं तरी हा दांडा फळीपेक्षा मशीनच्या उचलण्याच्या यंत्रणेला जास्त वाचवतो, असं लेखकाचं मत झालं आहे. धडधाकट फळी लाटांवर आदळणाऱ्या होडीत यापेक्षा मोठे धक्के खाते. शिवाय दांड्याची एक खोड कोणी आधी सांगत नाही. तो होडीला नव्हे, ट्रेलरला टेकलेला असतो. होडीची पाठ ट्रेलरला पट्ट्याने घट्ट बांधलेली नसेल तर खड्ड्यात होडी वेगळी उसळते आणि ट्रेलर वेगळा. दोघांच्या भांडणात दांडा मशीनला खालून ठोसे मारत राहतो, किंवा निसटून रस्त्यावर पडतो. त्यामुळे आधी पट्टे, मग दांडा. मागच्या दोन्ही कड्यांतून ट्रेलरच्या सांगाड्यापर्यंत रॅचेटचे पट्टे, पुढे विंचचा पट्टा आणि त्याच्या जोडीला साखळी. रबरी दोऱ्यांवर हे काम सोपवू नये. त्या ताणतात, आणि इथे नेमकं ताणणंच नको असतं.

ट्रेलरशी संबंधच नको असेल तर दुसरी तऱ्हा आहे. हायड्रॉलिक मशीनांच्या पिस्टन-दांड्यांवर बसणारे प्लास्टिकचे जाड ठोकळे मिळतात; मशीन त्यांच्यावर उतरवलं की ते होडीच्याच अंगाला आवळून बसतं, ट्रेलर कितीही नाचो. ज्यांच्या ट्रेलरला मागे रोलर किंवा सोयीची पट्टी नाही त्यांना हेच सोपं पडतं. हाताने उचलायच्या मशीनला काही जण मशीन आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घालतात. चालतं, पण ठोकळा बांधलेला हवा आणि मशीन खाली ओढून धरणारा पट्टाही हवा, कारण पहिल्या उसळीला मोकळा ठोकळा रस्त्यावर पडतो आणि मागच्या गाडीच्या काचेशी त्याची गाठ पडते.

मशीन डावी-उजवीकडे वळतंही. हातदांड्याचं असेल तर त्याचा स्टिअरिंगचा घर्षण-स्क्रू आवळून टाकावा. मर्क्युरीची पुस्तिका मशीन पुढच्या गिअरमध्ये टाकून न्यायला सांगते, म्हणजे वाऱ्याने पंखा गरगर फिरत नाही.

फळी मुळात कशी आहे हे दुरुस्तीला नेल्यावर कळणं महाग पडतं. लेखकाची चीर एका दिवसातली नव्हती. आतलं प्लायवुड आधीच्या मालकाच्या काळापासून पाणी पीत होतं, रुळांनी फक्त ते जाहीर केलं. फायबरच्या होड्यांच्या ट्रान्सममध्ये पुष्कळदा आत प्लायवुड असतं, आणि एखाद्या बेपर्वाईने मारलेल्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. तपासायला दोन उपाय पुरतात. एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीने फळीभर ठोकत जावं. खणखणीत आवाजाच्या मधेच भद्द आवाज आला तर तिथे कूज आहे. मग मशीन कलवून त्याच्या खालच्या टोकावर हाताने वर-खाली दाब द्यावा आणि दुसऱ्या माणसाने फळीकडे बघावं. ती लवताना दिसली, किंवा कोपऱ्यांत केसासारख्या भेगा दिसल्या, तर कुठलाही दांडा तिला वाचवणार नाही. ॲल्युमिनियमच्या होडीची फळी बदलताना तांब्याच्या क्षारांनी मुरवलेलं प्लायवुड वापरू नये; ते धातू खातं. लेखकाच्या होडीत तेच बसवलेलं निघालं.

परतीच्या प्रवासाचा क्रम थोडा निराळा. लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा शिंपले सापडले आणि तिथून ते, होड्यांबरोबरही, अमेरिकेच्या कितीतरी तळ्यांत पसरले. म्हणून मिशिगनमध्ये मार्च २०१९ पासून होडी रस्त्यावर आणण्याआधी तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. होडी वर ओढण्याआधी मशीन उचलावं, पण वर सपाटीला आल्यावर ते पुन्हा पूर्ण खाली सोडून पाच मिनिटं निथळू द्यावं, पंख्याला गुंडाळलेलं शेवाळ काढावं, आणि मगच दांडा लावावा. घाईत बहुतेक जण उचललेल्या मशीनलाच दांडा लावून निघतात आणि एका तळ्याचं पाणी मशीनच्या पोटातून दुसऱ्या तळ्यापर्यंत नेतात. जाताना मात्र दांडा आणि मागचे पट्टे पाण्यापाशी पोचण्याआधीच, वरच्या सपाटीवर काढायचे. दांडा तसाच ठेवून मशीन खाली दाबलं तर तो वाकतो; पट्टे राहिले तर होडी तरंगायची नाही, आणि मागे रांगेत उभे असलेले लोक बराच वेळ काही बोलणार नाहीत.

लेखक आता घरून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत एकदा थांबतो आणि पट्टे, पिन, बेचकी हाताने चाचपून बघतो. पट्टे पहिल्या काही मैलांतच सैल पडतात. त्या रुळांवर तो चालत्या माणसाच्या वेगाने जातो आणि मागचे भोंगे ऐकून घेतो. डांबरावरची रेघ पुढच्या वसंतापर्यंत बर्फ खरवडणाऱ्या गाड्यांनी पुसून टाकली. स्केग अजून अर्धंच आहे.