सोनखत वेगळे, शहरातला गाळ वेगळा



जुन्या जाणत्या शेतकऱ्यांना सोनखताची ताकद सांगायला नको. त्यामुळे शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातला वाळलेला गाळ स्वस्तात किंवा फुकट मिळतोय म्हटल्यावर "टाका की चार ट्रॉल्या" असे वाटणे साहजिक आहे. त्यात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ असतात, हेही खोटे नाही.

पण आज शहराच्या गटारात नुसता मैला येत नाही. घरातले धुण्याभांड्यांचे पाणी येते, लहानमोठ्या कारखान्यांचेही येते. केंद्रात पाणी निवळते आणि पाण्यातले बरेचसे नको ते गाळात बसते. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू त्यातलेच. त्यांच्या जोडीला 'पीफास' नावाची रसायने असतात. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, आग विझवायचा फेस यांसाठी ती 1940 नंतर वापरात आली. कार्बन आणि फ्लोरिन यांची त्यांतली जोडणी इतकी पक्की की जिवाणूंना ती तुटत नाही. गाळ कुजवला, तापवला तर रोगजंतू मरतील. ही रसायने तशीच राहतात. कुजवलं की झालं, हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही.

याची किंमत अमेरिकेतल्या मेन राज्यातील शेतकऱ्यांनी मोजली. तिथे कित्येक वर्षे सरकारी परवान्याने शेतांवर गाळ पसरला जात होता. 1993 सालच्या केंद्रीय नियमांत धातू आणि रोगजंतू यांच्या मर्यादा होत्या, पीफासचे नावही नव्हते. जे तपासलेच नाही ते सापडणार कसे? 2016 साली एका गोपालकाच्या रानाजवळच्या विहिरीत ही रसायने आढळली. मग गवत तपासले, दूध तपासले, दोन्हीत तीच. गाळ टाकणे कधीच थांबले होते, तरी जमिनीतून चाऱ्यात आणि चाऱ्यातून दुधात ती उतरतच होती. अखेर 2022 साली मेनने शेतात गाळ टाकण्यास कायद्याने बंदी केली आणि बाधित शेतकऱ्यांसाठी 6 कोटी डॉलरचा निधी ठेवला. स्वित्झर्लंड तर त्याआधीच या वाटेने गेले होते.

प्रमाण किती सूक्ष्म ते पाहा. अमेरिकेने 2024 साली यातल्या दोन मुख्य रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा प्रत्येकी लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. म्हणजे 25 कोटी लिटर पाण्यात फक्त 1 ग्रॅम! बारा एकरांचे, सोळा फूट खोल तळे डोळ्यांपुढे आणा.

आपल्याकडे उसाचे वाढे तोडीच्या हंगामात गोठ्यात जाते. सरीत कोथिंबीर, कांदा असतो. विहीर त्याच रानात असते. मेनमध्ये जी वाट दिसली ती आपल्यालाही मोकळी आहे.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा आहेत. कॅडमियम किलोला 5 मिलिग्रॅम, शिसे 100. तेव्हा विकणाऱ्याकडे निदान धातूंचा अहवाल मागा. तो दाखवत नसेल तर ट्रॉली बांधावरूनच परत पाठवा. अहवाल चांगला असला तरी पीफासबद्दल तो काही सांगत नाही. आपल्या नेहमीच्या माती परीक्षणातही सामू, क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश एवढेच कळते. आमचे मत विचाराल तर पाचट न जाळता सरीत कुजवावे, ताग गाडावा, प्रेसमडचे कंपोस्ट घालावे. आपला प्रेसमड उसाच्या रसातला आहे, गटारातला नाही.

ज्यांनी आधीच गाळ टाकला असेल त्यांनी गट नंबर, साल, कुठला गाळ आणि किती ट्रॉल्या, हे वहीत लिहून ठेवावे. मेनमध्ये कोणकोणती राने तपासायची हे ठरवताना जुन्या परवान्यांच्या नोंदीच कामी आल्या.