शास्त्राभ्यास : बेथसैदा, खेडें कीं नगर?



मंडळींतील कित्येक जण म्हणतात, "आम्हांस भरभर वाचतां येत नाहीं, मग आमच्यानें शास्त्राचा अभ्यास कसा व्हावा?" आजचा पाठ अशांसाठींच आहे.

वस्तीच्या लहानमोठेपणाप्रमाणें आपल्या बोलींत निरनिराळे शब्द आहेत. शेतांतील दोनचार घरांची ती वस्ती. थोड्या अधिक घरांची वाडी किंवा पाडा. त्याहून मोठें तें खेडें. जेथें आसपासचे लोक बाजारास येतात तो कसबा. आणि त्याहून मोठें तें शहर. जुन्या कागदपत्रांत खेड्याच्या नांवापूर्वीं 'मौजे' व बाजाराच्या गांवापूर्वीं 'कसबे' असें लिहीत.

शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेंतहि असा भेद आहे. 'कोमे' म्हणजे खेडें व 'पॉलिस' म्हणजे नगर. मार्क १:३८ येथें या दोहोंचा जोडशब्द आला आहे. आपला 'कसबा' त्याच्या बराच जवळ येतो.

आतां बेथसैदा पाहा. योहान १:४४ येथें तें नगर आहे, आणि मार्क ८:२३ येथें खेडें. घाईनें वाचणाऱ्यास हा भेद दिसतच नाहीं. सावकाश वाचणारा मात्र थांबतो व कारण शोधतो. योसेफस ह्या यहूदी इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, हेरोदाचा पुत्र फिलिप्प ह्यानें बेथसैदा खेड्यास नगराचा दर्जा दिला. दरबारीं नगर झालें, तरी लोकांच्या तोंडीं खेडेंच राहिलें असेल. आपल्याकडेहि असें होतें.

त्याच खेड्याबाहेर प्रभूनें एका आंधळ्यास हात धरून नेलें. प्रथम त्यास माणसें झाडांसारखीं दिसलीं, आणि त्यानें तसें खरें सांगितलें. प्रभूनें त्यास दोष लाविला नाहीं, व अर्ध्या दृष्टीवर सोडूनहि दिलें नाहीं. पुन्हां हात ठेविले, तेव्हां त्यास स्पष्ट दिसूं लागलें. मंद वाचकहो, हा धीर तुमच्यासाठीं आहे. जें समजलें नाहीं तें समजलें असें म्हणूं नका. उद्यां पुन्हां तेंच वचन वाचा.

ह्या आठवड्याचा अभ्यास : मार्क ८:२२–२६. वचनें पांच आहेत. रोज एकच घ्यावें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं मुलांकडून वाचवून ऐकावें.

प्रश्न : १. आंधळ्यास प्रभूकडे कोणीं आणिलें? २. त्यास खेड्याबाहेर कां नेलें असावें? ३. तुमच्या गांवाभोंवतालच्या कोणत्या वाडीस अद्याप कोणी गेलें नाहीं?