भयाचा फराळ

ज्या गोष्टीचे भय वाटते, तिच्यापासून माणूस दूर पळतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु वर्षातून एका रात्री भयालाच घरी बोलवावे, त्याला ताटात वाढावे आणि चार सोबत्यांसह हसत हसत त्याचा फडशा पाडावा, असाही एक प्रघात जगाच्या काही भागांत आहे. ही रात्र म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र होय. तिला ‘हॅलोवीन’ असे म्हणतात. आयर्लंड, स्कॉटलंड, अमेरिका, कॅनडा इत्यादी देशांत त्या रात्री मुले भुताखेतांची सोंगे घेतात. मेजवानीच्या मेजावर डोळे, बोटे, कोळी आणि किडे यांच्या आकाराचे पदार्थ मांडलेले असतात. पाहणाऱ्याच्या अंगावर प्रथम शहारा येतो. पहिला घास तोंडात गेला, की मात्र त्याला हसू आवरत नाही.

हा खेळ आजचा वाटला, तरी त्याचे मूळ फार जुने आहे. आयर्लंड व स्कॉटलंड येथील गेल लोक ऑक्टोबरच्या अखेरीस ‘साउइन’ नावाचा सण पाळीत. त्या सुमारास सुगी संपे, डोंगरांवरील कुरणांत चरावयास गेलेली गुरे गावाकडे आणली जात आणि हिवाळ्याचे अंधारे दिवस सुरू होत. ऋतूंच्या या सांध्यावर मृतांच्या जगाचे दार किलकिले होते, अशी लोकांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा स्मरणदिन ठरला. ‘संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांवरून ‘हॅलोवीन’ हे नाव पडले.

मृतांची आठवण आणि अन्न यांचे नाते अनेक समाजांत आढळते. महाराष्ट्रात भाद्रपद वद्य पक्षात पितरांच्या नावाने पान वाढतात व कावळ्याला घास ठेवतात. मेक्सिको देशात नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, वर हाडांचे आकार काढलेला गोड पाव आणि साखरेच्या कवट्या मृतांच्या स्मरणार्थ मांडतात. इंग्लंडमध्ये पूर्वी या दिवसांत गोरगरीब लोक व मुले दारोदार गाणी म्हणत हिंडत. घरचे लोक त्यांना मसाला घातलेल्या लहान गोल पोळ्या देत आणि त्या घेणारे त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. या पोळ्यांना ‘आत्म्याच्या पोळ्या’ म्हणत. दात्याला प्रार्थना मिळे, याचकाला घास मिळे, आणि कोणालाच ओशाळे वाटत नसे.

आयर्लंडमधील हॅलोवीनचे जुने जेवण अगदी साधे असे. धर्माच्या नियमामुळे अनेक घरांत त्या दिवशी मांस वर्ज्य असे. उकडून कुस्करलेल्या बटाट्यांत कोबीसारखी पालेभाजी व लोणी घालून ‘कोलकॅनन’ नावाचा पदार्थ करीत. मनुका घातलेला ‘बार्मब्रॅक’ नावाचा पाव भाजताना त्यात अंगठी, नाणे, चिंधी अशा वस्तू लपवीत. ज्याला अंगठी सापडे त्याचे वर्षाच्या आत लग्न होणार, नाणे सापडे तो श्रीमंत होणार आणि चिंधी सापडे त्याला दारिद्र्य येणार, असे मानीत. जमलेली मंडळी आपापला तुकडा जपून चावीत आणि एखाद्याच्या वाट्याला चिंधी आली, की घर हास्याने दुमदुमे. पाण्यावर तरंगणारी सफरचंदे हात न लावता दातांनी उचलण्याचा खेळही तेव्हापासूनचा.

परंतु ज्या बटाट्यावर आयर्लंडमधील गरिबांचे जीवन अवलंबून होते, त्या बटाट्यावरच १८४५ साली रोग पडला. शेतातील पीक डोळ्यांदेखत कुजून गेले. १८५२ सालापर्यंत चाललेल्या या भीषण दुष्काळात सुमारे १० लाख माणसे भुकेने व रोगराईने मृत्युमुखी पडली. सुमारे तितक्याच लोकांनी देश सोडला आणि त्यांपैकी पुष्कळ जण समुद्र ओलांडून अमेरिकेला गेले. बरोबर नेण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. मात्र गाणी, गोष्टी आणि सणांच्या आठवणी त्यांनी नेल्या. या निर्वासितांच्या व स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांच्या सोबतीने हॅलोवीन अमेरिकेत पोहोचला.

मायदेशी हे लोक सलगमासारखा कठीण कंद कोरून त्यात दिवा लावीत. अशा एका जुन्या कंदाच्या मुखवट्याची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. तिचा सुरकुतलेला, दात विचकणारा चेहरा पाहून आजही दचकावयास होते. अमेरिकेत त्यांना भोपळा मिळाला. तो आकाराने मोठा आणि कोरावयास सोपा. म्हणून कंदाची जागा त्याने घेतली. महाराष्ट्रात ज्याचे घारगे करतात, तो लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातीलच आहे. हॅलोवीनचा भोपळा कोरताना निघालेला गर शिजवता येतो आणि बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजता येतात.

आता या रात्रीच्या मेजाकडे वळू. त्यावरील सारी करामत नावाची, आकाराची आणि अंधाराची असते. एका जुन्या खेळात मुलांचे डोळे बांधतात आणि त्यांच्या हाताखाली वाडगे सरकवतात. ‘हे राक्षसाचे डोळे!’ असे म्हणताच बोटांना थंड, बुळबुळीत गोळे लागतात; ती असतात सोललेली द्राक्षे. ‘ही त्याची आतडी!’ म्हणून पुढे येतात उकडून गार केलेल्या शेवया. डोळे उघडे असते, तर कोणीही भ्याला नसता. जे दिसत नाही, त्याला मन स्वतःच आकार देते व स्वतःच घाबरते, हे या खेळातून मुलांच्या ध्यानी येते.

पदार्थांची कृतीही अवघड नसते. बिस्किटाच्या पिठाचे बोटाएवढे तुकडे वळतात, सुरीने त्यांवर सांध्यांच्या रेषा पाडतात आणि टोकाला नखाच्या जागी सोललेला बदाम दाबून बसवतात. भट्टीतून भाजून निघाली, की ती चेटकिणीची बोटे होतात. सरबताच्या मोठ्या भांड्यात बर्फाचा हात तरंगत असतो. त्यासाठी रबराचा नवा, आत भुकटी नसलेला हातमोजा स्वच्छ धुऊन त्यात पाणी भरतात, तोंड बांधतात आणि तो गोठवतात. मोजा काठोकाठ भरावयाचा नसतो. कारण पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. याच कारणाने बर्फ पाण्याहून हलका होतो व तो हात वर तरंगतो. जांभळ्या कोबीच्या रसाची जादू तर याहून मोठी. त्यात लिंबू पिळले, की जांभळा रंग गुलाबी होतो आणि खाण्याचा सोडा घातला, तर तो निळा-हिरवा होतो. रसातील रंगद्रव्य आम्ल व अल्क यांच्या संगतीने रंग बदलते, एवढेच त्यातील रहस्य!

मात्र खोट्या भीतीच्या खेळात खरा धोका शिरू नये, याची काळजी घ्यावी लागते. काही मेजवान्यांत पेयावर धुके पसरवण्यासाठी कोरडा बर्फ वापरतात. हा पाण्याचा बर्फ नव्हे. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू होय. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सियसच्या आसपास असते. उघड्या हाताने धरल्यास कातडी भाजल्यासारखी होते. त्याचा तुकडा पोटात गेल्यास प्राणावर बेतते. बंद बाटलीत ठेवल्यास ती फुटते. म्हणून मुलांनी त्याला हात लावू नये. लहान भावंडांना अख्खे द्राक्ष दिल्यास ते घशात अडकण्याची भीती असते. त्यांच्यासाठी द्राक्षे उभी चिरावी. एखाद्या पाहुण्याला शेंगदाणे किंवा बदाम सोसत नसतील, तर ते आधी विचारून घ्यावे. अमेरिकेत काही घरांपुढे निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. ‘येथे खाऊऐवजी खेळणीही मिळतील,’ अशी ती खूण असते. ज्या मुलांना खाऊ चालत नाही, त्यांनी रिकाम्या हाताने परतू नये, हा त्यामागील हेतू आहे.

या सणाला आणखी एक वळण लागले, ते १९५० साली. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांतील मुले उपाशी होती. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या परिसरातील काही मुलांनी त्या हॅलोवीनला मिठाईऐवजी नाणी मागितली. दुधाच्या रिकाम्या खोक्यांत त्यांनी १७ डॉलर जमवले आणि ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालसाहाय्य निधीकडे, म्हणजे युनिसेफकडे पाठवले. रक्कम लहान होती. परंतु पुढे हजारो मुलांनी हा पायंडा उचलला. दारोदार जाऊन घास मागण्याची जुनी रीत दुसऱ्याच्या घासासाठी उपयोगी पडली.

चेटकिणीच्या बोटांचा तुकडा मोडताना मुले हसतात, तेव्हा अंधाराचे, मृत्यूचे आणि उपासमारीचे भय ज्यांनी प्रत्यक्ष भोगले, त्यांचीच ही रीत ती पुढे चालवीत असतात. हिवाळा दाराशी आला असता त्या लोकांनी दिवा लावला, जे घरात होते ते शिजवले आणि दारी आलेल्याला त्यातील वाटा दिला. भयावर याहून जुना उपाय माणसाला ठाऊक नाही.

स्वाध्याय

१. ‘हॅलोवीन’ हे नाव कसे पडले?
२. बार्मब्रॅक पावात कोणकोणत्या वस्तू लपवीत व त्यांचा अर्थ काय मानीत?
३. कारणे द्या : (अ) हातमोजा पाण्याने काठोकाठ भरू नये. (आ) अमेरिकेत कंदाऐवजी भोपळा कोरू लागले.
४. ‘जे दिसत नाही, त्याला मन स्वतःच आकार देते व स्वतःच घाबरते.’ या वाक्याचे स्पष्टीकरण स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन करा.
५. तुमच्या घरी किंवा गावात पूर्वजांच्या स्मरणार्थ कोणते अन्न करतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.