तीस टक्के कुठून आले?

नागपूर–तुळजापूर महामार्गावर पांदणीतून एकदम वर आलेल्या मोटारसायकलची आणि भाच्याच्या मोटारसायकलची धडक झाली, तेव्हा मागे भाचसून बसली होती. दोघांचेही पाय मोडले. यवतमाळच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दोघांचे दोन अर्ज लागले आणि कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे आली. अपघातात भाच्याचाही दोष, म्हणजे सहदोष, धरून निकालात त्याच्या भरपाईतून 30 टक्के कापले गेले. भाचसुनेची मात्र दमडीही कापली नाही.

"मामाजी, गाडी एक, धडक एक, मग हे असं कसं?" भाच्याने विचारले.

भाच्याचा दोष दाखवायला समोरच्या गाडीच्या विमा कंपनीला फारसे काही करावे लागले नव्हते. समोरच्याचाही दोष आहे असे जो म्हणतो, सिद्धही त्यानेच करायचे असते. पण दवाखान्यात जबाब देताना भाचा जमादारांना म्हणून गेला होता, "मीही जरा जोरातच होतो." उलटतपासणीत तेच वाक्य त्याच्यापुढे धरले गेले. दुसरी भानगड पंचनाम्याची. पोलीस येईपर्यंत लोकांनी दोन्ही गाड्या कडेला ओढल्या होत्या आणि नकाशात त्या तिथेच दाखवल्या गेल्या. फुटलेल्या काचा, डांबरावरचे ओरखडे, त्यांचे कडेपासूनचे अंतर, यातले काहीच लिहिलेले नव्हते. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2013 सालचा जिजू कुरुविला प्रकरणातला निकाल दाखवला: प्रत्यक्ष पुरावा नसताना, गाड्या कुठे सापडल्या एवढ्यावरून सहदोष धरता येत नाही. नकाशाचा मुद्दा त्यावर निकाली निघाला, जबाबाचा नाही.

तेव्हा जखमीला आधी दवाखान्यात न्याच, पण सोबतच्या एकाने गाड्या हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढावेत. जबाबात डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. खोटे बोला असे मी म्हणत नाही. पण वेगाचा काटा पाहिलाच नसेल, तर "जोरात होतो" हाही नुसता अंदाजच. जबाब वाचून घ्यावा. हात प्लास्टरमध्ये असेल तर घरच्या माणसाने वाचून दाखवावा.

गावात एक समज पक्का आहे, की लायसन नव्हते किंवा तिघे बसले होते म्हणजे केस गेली. तसे नाही. दुचाकीवर तिघे बसणे कायद्याने मना आहे, दंडही होतो. पण मोहम्मद सिद्दिक प्रकरणात उच्च न्यायालयाने याच कारणाने कापलेले 10 टक्के सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये परत दिले. तिघे बसल्यामुळेच धडक झाली किंवा मार वाढला, हे दाखवावे लागते. लायसनबद्दलही 2008 च्या सुधीरकुमार राणा निकालात हेच तत्त्व आहे. हेल्मेट नसणे डोक्याच्या दुखापतीत अंगाशी येऊ शकते. मोडलेल्या पायाचा त्याच्याशी काय संबंध?

आता भाचसुनेचे. ती गाडी चालवत नव्हती, तिचा दोष शून्य. दोन चालकांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो, असे 2015 च्या खेन्येई निकालात स्पष्ट आहे. आमच्यासाठी हे फार मोलाचे ठरले, कारण भाच्याच्या गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी होता आणि त्यात मागे बसलेल्याला संरक्षण मिळत नाही. म्हणून मागे बसलेल्याचा अर्ज वेगळा करा आणि त्यात समोरच्या गाडीच्या विमा कंपनीला न विसरता सामील करा. एप्रिल 2022 पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. हाड जुळेपर्यंत वाट पाहत बसू नका.

एक गोष्ट भाच्याला अजून पटलेली नाही. भाचसुनेला पूर्ण पैसे दिलेली कंपनी त्यातला 30 टक्के वाटा त्याच्याकडे मागू शकते. नोटीस आलेली नाही, पण फाईल त्याने रद्दीत टाकू नये म्हणून मी ती माझ्याकडेच ठेवली आहे.