ड्रोनच्या बॅटऱ्या घेऊन विमानात चढताना

कार्तिक पौर्णिमेला आसामात, ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर रास महोत्सव असतो. त्याच्या चित्रीकरणासाठी आमचं युनिट मुंबईहून कोलकातामार्गे जोरहाटला निघालं होतं. तिथी पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे वेळेत पोहोचणं भाग होतं. ड्रोन आणि बॅटऱ्या भाड्याने घेतलेल्या. मुंबईला सुरक्षा तपासणीत त्यातल्या दोन बॅटऱ्या अडल्या. भाड्याने देणाऱ्यांनी आपल्या नंबराचा स्टिकर नेमका छापील माहितीवर डकवला होता. तो सोडवला तशी खालची अक्षरंही निघून आली. क्षमता वाचता येत नाही म्हटल्यावर अधिकाऱ्याने त्या पुढे जाऊ दिल्या नाहीत. माजुलीत आम्ही उरलेल्या बॅटऱ्यांवर काम केलं, पण नदीवरून सत्रांकडे, म्हणजे तिथल्या वैष्णव मठांकडे, येणारी लांब दृश्यं गेली ती गेलीच.

तो अधिकारी बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. विमानात बॅटरीची ओळख एकाच आकड्याने होते, वॉट-अवर. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की तो मिळतो. १५.४ व्होल्ट आणि ५००० मिलीअँपिअर-अवर, म्हणजे ७७ वॉट-अवर. १०० पर्यंतच्या बॅटऱ्या सहसा कंपनीला न विचारता हातातल्या सामानात नेता येतात, मात्र सुट्या बॅटऱ्यांच्या संख्येला मर्यादा असते. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. २२.८ व्होल्ट, ५७०० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी जवळजवळ १३० वॉट-अवर भरते, म्हणजे या मधल्या गटात येते. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात जागाच नाही. मोठा सिनेमा कॅमेरा उचलणाऱ्या ड्रोनची २२.२ व्होल्ट, १६००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी ३५५ वॉट-अवरची असते. ती कितीही विनवण्या केल्या तरी तुमच्याबरोबर येणार नाही, आणि येऊही नये.

इथे प्रॉडक्शनकडून हमखास एक सल्ला मिळतो: कपड्यांखाली घालून चेक-इनच्या बॅगेत टाका, कोण बघतंय. मी हे ऐकलंय, आणि दर वेळी नाही म्हटलंय. सुटी लिथियम बॅटरी, मग ती केवढीही असो, चेक-इनच्या सामानात चालत नाही. लिथियम बॅटरीतला एक सेल आतून पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो, मग त्याच्या शेजारचा. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ एक मालवाहू बोइंग ७४७ अशाच आगीत कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. जिथून आग सुरू झाली त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. एवढं ठाऊक असताना बॅटरी लपवून पाठवणाऱ्याला मी बेपर्वा नाही, गुन्हेगार म्हणेन.

मोठ्या बॅटऱ्यांना दोन सरळ वाटा आहेत. एक, त्या ज्या शहरात शूट आहे तिथेच भाड्याने घ्या. दुसरी, धोकादायक मालाचं प्रशिक्षण असलेल्या एजंटमार्फत कार्गोने पाठवा. १ एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानाच्या कार्गोतही घेत नाहीत. त्या मालवाहू विमानानेच जातात, तेही चार्ज ३० टक्क्यांच्या वर नसेल तरच. बॅटरीच्या चाचणीचे कागद लागतात आणि दिवसही मोडतात. निर्मात्याला हे वेळापत्रक ठरतानाच सांगा, तिकिटं काढल्यावर नव्हे.

१०० ते १६० मधल्या बॅटऱ्यांची परवानगी लेखी घ्या. ईमेलमध्ये बॅटरीचं मॉडेल, व्होल्ट, वॉट-अवर आणि नग लिहा, उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिचीही वेगळी परवानगी लागते. पहिल्या काउंटरवर मिळालेला होकार दुसरीकडे उपयोगी पडत नाही. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर जिचं विमान उडणार तिला विचारा.

छोट्या शहरांकडे जाणाऱ्या पंख्यांच्या विमानांत एक गोष्ट फार जपायची. डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात, म्हणून शिडीपाशी उभा असलेला कर्मचारी ट्रॉली बॅग मागतो आणि ती खाली सामानात जाते. त्या बॅगेत बॅटऱ्या असतील तर जे टाळायचं तेच होतं. आमच्या युनिटमध्ये प्रत्येकाच्या बॅटऱ्या वेगळ्या पाऊचमध्ये असतात आणि ते पाऊच खांद्यावरच्या पिशवीत. बॅग गेली तरी पिशवी अंगावर राहते. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर टोपी किंवा इन्सुलेशन टेप लावलेला असतो, कारण दोन टोकांना किल्ली किंवा नाणं टेकलं की शॉर्ट झालंच. निघायच्या आदल्या रात्री चार्जही उतरवून घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी पेटली तर जास्त भडकते.

आणि फुगलेली किंवा अपघातात आपटलेली बॅटरी. आपटलेली बाहेरून धड दिसली तरी आतले पातळ पडदे फाटलेले असू शकतात, आणि तासाभराने, उडत्या विमानात, ती तापायला लागू शकते. अशी बॅटरी सामानात नाही, हातात नाही, कुठेच नेता येत नाही. महागाची आहे म्हणून निर्माता परत आणायचा आग्रह धरेल. त्याला नाही म्हणा, तिथल्याच अधिकृत ई-कचरा केंद्रात ती जमा करा आणि तिची किंमत शूटच्या खर्चात लावा.