मोटारीचा बिघडलेला सेन्सर घरीं कसा बदलावा?

कुर्ला आणि मोटार यांचा संबंध जुना आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीचा मोटारींचा कारखाना येथेंच होता. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईकरांच्या नित्य परिचयाची झालेली 'पद्मिनी' मोटार याच कारखान्यांतून बाहेर पडे. आज त्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. आणि पद्मिनी टॅक्सीहि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. तथापि त्या मोटारीची एक गोष्ट ध्यानांत घेतली, तर आजचा पाठ समजण्यास सोपा जाईल.

थंड एंजिन चालूं करण्यास हवेच्या मानानें अधिक पेट्रोल लागतें. कारण थंडपणांत पेट्रोलचा कांहीं भाग वाफ न होतां द्रवरूपच राहतो. पद्मिनींत ही भर चालक स्वतः घाली. सकाळीं 'चोक'ची कळ ओढावयाची आणि एंजिन तापलें कीं ती परत ढकलावयाची. आजच्या मोटारींत हें काम संगणक करतो. परंतु एंजिन थंड आहे कीं गरम, हें त्याला एंजिनाच्या पाण्यांत टोक बुडवून बसविलेला एक बोटाएवढा सेन्सर सांगतो. त्या टोकांतील पदार्थाचा गुण असा कीं, उष्णता वाढली म्हणजे त्याचा विद्युत्-विरोध कमी होतो. पुष्कळ मोटारींत तो २० अंश सेंटिग्रेडला सुमारें अडीच हजार ओहम, तर ८० अंशांस सुमारें तीनशें ओहम असतो. नेमके आंकडे आपापल्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेंत पाहावे.

हा सेन्सर खोटी साक्ष देऊं लागला तर काय होतें? एंजिन तापलें असतांहि 'थंड आहे' असें त्यानें कळविलें, तर संगणक पेट्रोल वाढवीतच राहतो. खर्च वाढतो, मागून काळा धूर येतो, आणि विषारी वायु शुद्ध करणारा 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' हा महागडा भाग कालांतरानें निकामी होतो. उलट, थंड एंजिनाला त्यानें 'गरम' म्हटलें, तर सकाळीं मोटार चालूं होणें कठीण जातें. रेडिएटरचा पंखा अखंड फिरणें व समोरच्या फलकावर एंजिनाचें पिवळें चिन्ह पेटणें, हींहि लक्षणें होत.

चिन्ह पेटलें कीं पुष्कळजण सी.एस.टी. रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांकडे धांव घेतात. आमचें सांगणें असें कीं, आधीं परीक्षा करावी व मग खरेदी. स्कॅनर लावला असतां 'पी-०११८' असा संकेत दिसला, तर त्याचा अर्थ 'सेन्सर बिघडला' असा नव्हे. सेन्सरच्या विद्युत्-मंडलांतील दाब मर्यादेबाहेर गेला, एवढेंच तो सांगतो. त्या मंडलांत सेन्सर आहे, तसाच प्लग आहे आणि तारहि आहे. मिठी नदीच्या कांठीं वसलेल्या कुर्ल्यांत पावसाळ्यांत पाणी तुंबतें. अशा पाण्यांत उभ्या राहिलेल्या मोटारीच्या प्लगांना गंज चढून तेथेंच संबंध तुटणें अगदीं शक्य आहे.

हें काम रात्रभर उभ्या राहिलेल्या, पूर्ण थंड एंजिनावरच करावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडलें असतां दाबाखालील उकळतें पाणी अंगावर उसळतें. विद्यार्थ्यांनीं वडील माणसांवांचून या कामास हात लावूं नये.

प्रथम प्लग काढून त्याचीं टोकें पाहावीं. हिरवट थर दिसल्यास ते साफ करावे. कित्येकदां बिघाड एवढ्यानेंच दूर होतो. नंतर एंजिन चालूं न करतां केवळ किल्ली फिरवावी आणि सुट्या प्लगच्या दोन टोकांमध्यें मल्टिमीटर लावावा. या वेळीं पंखा आपोआप फिरूं शकतो, म्हणून हात दूर ठेवावे. बहुतेक दोन टोकांच्या सेन्सरांत येथें सुमारें ५ व्होल्ट मिळतात. ते न मिळाल्यास दोष बहुधा तारेंत आहे. नवा सेन्सर घेऊन उपयोग नाहीं.

ते मिळाले तर किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी, खालीं परात ठेवावी, आणि योग्य मापाच्या पान्यानें सेन्सर काढावा. स्वयंपाकांत न वापरल्या जाणाऱ्या भांड्यांत पाणी घेऊन त्यांत फक्त सेन्सरचें टोक बुडवावें. पाणी हळूहळू तापवीत ३०, ५० व ८० अंशांस विरोध मोजून लिहून ठेवावा. आंकडे क्रमानें उतरत गेले व पुस्तिकेशीं जुळले, तर सेन्सर निर्दोष आहे. आंकडा हललाच नाहीं, किंवा मध्येंच उडी मारली, तर तो बदलावा. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत काढतां तसा याचा आलेखहि काढतां येईल.

नवा सेन्सर नव्या वॉशरसह प्रथम बोटांनींच फिरवून बसवावा व शेवटीं पान्यानें बेताचाच आवळावा. अधिक जोर केल्यास ॲल्युमिनियमचे आटे झिजतात. पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच कूलंट भरून बॅटरी जोडावी, एंजिन चालवून आंतील हवा निघूं द्यावी, गळती पाहावी आणि स्कॅनरनें जुना संकेत पुसावा. परातींत सांडलेलें कूलंट गोड लागतें परंतु विषारी असतें. तें मुलांपासून व मांजरांपासून दूर, झांकून ठेवावें. गटारांत ओतूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, या सर्व खटाटोपांत सेन्सर निर्दोष ठरला, तरी श्रम वायां गेले असें समजूं नका. घरचे पैसे वांचले, आणि खरा दोष कोठें नाहीं हें निश्चित झालें. संशयावरून शिक्षा न देतां आधीं परीक्षा करणें, ही संवय यंत्रशाळेंत लागली तर बाहेरच्या जगांतहि ती उपयोगी पडेल.