वाघ सगळेच जमवतात, तू चिमणी जमव

बाळा, सगळ्यात आधी तुझ्या त्या खोक्यातले वाघ वेगळे काढ. निम्मं खोकं वाघांनीच भरलं असणार, हे मी रोह्यात बसून सांगते. ज्यांच्या जंगलात वाघ कधी नव्हता असे देशही वाघाचं तिकीट काढतात, कारण ते खपतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं कबूतर 1845 चं, कॅनडाचा बीव्हर 1851 चा, ऑस्ट्रेलियाचा कांगारू 1913 चा. तेव्हापासून तिकिटांवर इतकी जनावरं आली आहेत की सगळी जमवायची म्हटली तर पेणचं तुमचं घर पुरायचं नाही. तेव्हा आधी ठरव, कुणाच्या मागे लागायचं. एक घुबड घे, नाहीतर कुत्र्यांच्या जाती घे, नाहीतर पाणपक्षी. मी तुझ्या वयाची असते तर आपल्या डोळ्यांनी बघता येतात तेवढेच प्राणी घेतले असते. चिमणी, बगळा, खंड्या, वानर, जमलं तर फणसाडचा बिबट्या.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. कार्ड आणि तिकीट जुळवायचं म्हणजे नेमकं काय? हत्तीचं कार्ड, हत्तीचं तिकीट, शेजारी शेजारी ठेवलं की झालं, असं तुला वाटतंय. तेवढं पुरत नाही. या छंदात मॅक्झिमम कार्ड म्हणून एक प्रकार आहे. पोस्टकार्डाच्या चित्राच्या बाजूला त्याच विषयाचं तिकीट लावायचं आणि त्यावर पोस्टाचा शिक्का उमटवून घ्यायचा. एकाच कार्डावर तीन मेळ बसले पाहिजेत: विषयाचा, स्थळाचा आणि काळाचा. चित्रातला प्राणी आणि तिकिटावरचा प्राणी एकच हवा. शिक्का त्या प्राण्याशी नातं असलेल्या गावचा हवा. आणि शिक्क्यावरची तारीख तिकीट निघालं त्याच्या जवळपासची हवी.

मुधोळच्या कुत्र्याचं बघ. 9 जानेवारी 2005 ला भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली: हिमालयातला मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापलायम. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान, आता कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात. कार्डावर मुधोळ हाउंडचा फोटो, त्यावर ते तिकीट आणि तिकिटावर मुधोळ पोस्टाचा जानेवारी 2005 चा गोल शिक्का. असं कार्ड कुठे दिसलं तर खिसा चाचपून बघ आणि घेऊन टाक. तेच कार्ड मुंबईच्या शिक्क्याचं असेल तर अर्ध्या किमतीलाही घेऊ नकोस.

तुमच्या पेण तालुक्यातलं उदाहरण हवं असेल तर प्राणी क्षणभर बाजूला ठेव. विनोबा भावे गागोद्याचे. त्यांचं तिकीट 1983 साली निघालं. विनोबांच्या फोटोचं कार्ड, ते तिकीट आणि वर पेणचा शिक्का, म्हणजे स्थळाचा मेळ पक्का. त्यावर दिल्लीचा शिक्का बसला की तेच कार्ड पोरकं वाटतं.

चिमणीचं मला म्हणूनच कौतुक आहे. 2010 साली कबूतर आणि चिमणी अशी दोन तिकिटं निघाली. वाघाला बांधवगड लागतं, सिंहाला सासण गीर, गेंड्याला काझीरंगा. शिक्क्यासाठी कुठल्या कुठे पत्रं धाडावी लागतात. चिमणी पेणलाही आहे आणि रोह्यालाही. आज त्या तिकिटावर शिक्का मारून घेतलास तर काळाची बाजू लंगडी राहील, हे खरं. पण यापुढे आपल्याकडच्या एखाद्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं तिकीट निघालं की पहिल्याच दिवशी सकाळी पोस्टात उभं राहायचं. बिबट्याचं निघालं तर मुरुडचा नाहीतर रोह्याचा शिक्का घे, कारण फणसाड अभयारण्य याच दोन तालुक्यांत आहे. जंगलातल्या पक्ष्याचं निघालं तर पनवेल, कारण कर्नाळा पनवेल तालुक्यात येतं, पेणहून हायवेने जाताना लागतं तेच. सलीम अलींच्या जन्मशताब्दीची तिकिटं 1996 सालची. त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास अलिबागजवळच्या किहीमला केला, म्हणून त्या कार्डाला तिकडचा शिक्का शोभतो. नकाशा घेऊन बस आणि प्राण्यांची नावं त्यावर लिहून ठेव. तिकीट निघाल्यावर धावाधाव करणाऱ्याला नेहमी उशीर होतो.

कार्ड निवडताना चार गोष्टी बघ. चित्राने कार्डाचा निदान तीनचतुर्थांश भाग व्यापलेला असावा. आकार साधारण 105 बाय 148 मिलिमीटरपेक्षा मोठा नको आणि 90 बाय 140 पेक्षा लहान नको. तिकीट एकच लावायचं. आणि तिकिटाचंच चित्र मोठं करून छापलेलं कार्ड घ्यायचं नाही; चित्र वेगळं हवं, प्राणी तोच हवा. प्रदर्शनातले परीक्षक हेच नियम लावतात. घरी प्रिंटरवर काढलेलं कार्ड हौसेपुरतं ठीक आहे, प्रदर्शनात त्याला भाव नाही. तुझ्या बाबांना वाटतं की चकचकीत छापलं की झालं. त्यांना वाटू दे.

शिक्का ही सगळ्यात नाजूक गोष्ट. मी पोस्टाच्या खिडकीवर बसले आहे, त्यामुळे आतली बाजू सांगते. पंधरा तारखेच्या आधीचे दोन दिवस आणि महिनाअखेर सोडून जा. आरडीच्या हप्त्यांसाठी एजंट बायका पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आलेल्या असतात आणि तेव्हा तुझ्या चिमणीकडे बघायला कुणाला वेळ नसतो. दुपारच्या जेवणानंतर, टपालाची थैली बांधायच्या आधी जा. तिकीट घरूनच नीट चिकटवून ने. मास्तरांना नमस्कार करून सांग की शिक्का चित्राच्या बाजूला हवा आहे, निम्मा तिकिटावर आणि निम्मा कार्डावर. आधी कोऱ्या कागदावर दोनदा मारून बघायची विनंती कर, म्हणजे शाई जास्त झालेली असली तर कळेल. कार्डाखाली रबराचा तुकडा नाहीतर जाड वही ठेवायला सांग. लाकडी टेबलावर मारलेला शिक्का एका बाजूने नेहमी उडतो. चकचकीत कार्डावर शाई लवकर वाळत नाही. लगेच पिशवीत टाकलंस तर काळा डाग पसरतो, म्हणून पाच मिनिटं बाकावर बस. गडबड असली तर “उद्या येतो काका” म्हणून परत ये. चिडलेल्या माणसाच्या हातून चांगला शिक्का येत नाही.

लांबच्या गावचा शिक्का हवा असेल तर तिकीट लावलेलं कार्ड, मागे-पुढे जाड पुठ्ठा आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट, असं सगळं एका मोठ्या पाकिटात घालून तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावाने पाठवायचं. सोबत दोन ओळींचं पत्र, शिक्का कुठे हवा ते पेन्सिलीने दाखवून. बरेच जण पाठवतात, काही नाही पाठवत. तक्रार करू नको, दुसऱ्यांदा पाठव.

पिनकोड मात्र विसरू नकोस. पेणचा 402107 आणि आमचा रोह्याचा 402109. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी. परदेशातल्या मित्राला पत्ता देताना इंग्रजी मोठ्या अक्षरांत दे आणि देशाचं नाव शेवटच्या ओळीत वेगळं लिही.

परदेशाशी देवाणघेवाण करताना तुझ्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे, तो म्हणजे पेणचे गणपती. जगात हत्ती जमवणारे पुष्कळ आहेत. मूर्तिशाळेतल्या रांगेने उभ्या गणपतींचं कार्ड पाठव, पायाशी उंदीर दिसेल असं. गणपती हत्तीत धरायचा की देवात, यावर ते लोक वाद घालत बसतात आणि बदल्यात तुला दोन कार्डं जास्त येतात. पावसाळ्यात पाठवायच्या कार्डावर जेल पेनने लिहू नकोस, बॉलपेन वापर. जुलैतल्या टपालात शाई पत्त्यासकट वाहून जाते. जपून ठेवायच्या कार्डावर मात्र काही लिहायचंच असेल तर मागे, हलक्या हाताने, पेन्सिलीने.

विकत घेताना दोन ठिकाणी सावध राहा. 1960 नंतर आखातातल्या अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवैन अशा छोट्या अमिरातींच्या नावाने प्राण्यांची मोठमोठी रंगीत तिकिटं ढिगाने निघाली. 1971 मध्ये त्या अमिराती एकत्र आल्या आणि ते प्रकरण थोड्याच दिवसांत संपलं. त्यातली बहुतेक तिकिटं कधी पत्रावर लागलीच नाहीत, ती छापली गेली ती तुझ्यासारख्या पोरांसाठी. शंभराचं पाकीट स्वस्तात मिळतं आणि त्यात निम्मी हीच असतात. दुसरं, 1983 पासून जागतिक वन्यजीव निधीचं पांडाचं चिन्ह असलेली तिकिटं वेगवेगळ्या देशांनी काढली. एका प्राण्याची चार तिकिटं आणि सोबत चार तयार मॅक्झिमम कार्डं. ती खरी आहेत, छान आहेत आणि मेळ कसा बसतो ते शिकायला उत्तम आहेत. एखादा संच घे आणि थांब. तयार संचांवर संग्रह उभा राहिला की तो तुझा राहत नाही, दुकानदाराचा होतो.

आता पाणी आणि दमट हवा. आपल्या कोकणात तिकिटांचा खरा शत्रू पाऊस आहे. पाकिटावरून तिकीट सोडवायचं तर कागदाचा तुकडा कापून कोमट पाण्यात उलटा तरंगत ठेव, आपोआप सुटेल. ओढायचं नाही. लाल आणि खाकी पाकिटांचे तुकडे वेगळ्या वाटीत, त्यांचा रंग सुटतो. सुटलेलं तिकीट बोटाने उचलू नकोस, चिमटा वापर, आणि टिपकागदावर उताणं पसरून वर जड पुस्तक ठेव. परदेशातली हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात नीट सुटत नाहीत, ती कडेने कागद राखून कापून ठेवावीत. आणि एक नाव लक्षात ठेव. 1994 साली आपल्याकडे दुर्मीळ पाणपक्ष्यांची चार तिकिटं निघाली, त्यात गुलाबी डोक्याचं बदकही होतं. त्यांची शाई पाण्यात विरघळते असं कळलं आणि खात्याने ती मागे घेतली. ती कधी हाती लागली तर वाटीजवळही नेऊ नकोस. पाणपक्ष्यांनाच पाणी चालू नये, हा विनोद आम्ही पोस्टात पुष्कळ दिवस करायचो.

जून ते सप्टेंबर अल्बम उघडायचाच नाही. दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा गोंद पानाला धरतो आणि मग तिकीट चिरफाळतं. दसऱ्यानंतर कोरडा वारा सुटला की अल्बम काढ, सावलीत पानं उघडी ठेव, उन्हात नको. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून डब्यात टाक. डांबराच्या गोळ्या कपाटात कपड्यांजवळ राहू दे, तिकिटांजवळ नको. बाजारात मिळणारे वास येणारे मऊ प्लास्टिकचे अल्बम घेऊ नकोस, ते वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन कार्डाचा रंग ओढतात. अल्बम उभा ठेव, कपाटाच्या मधल्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता. झुरळांना गोंद फार आवडतो आणि ती नेहमी भिंतीकडून येतात.

शेवटी पैशाचं. कोऱ्या तिकिटांसाठी दुकानात जाऊ नकोस. मुंबईच्या जीपीओत फिलाटेलिक ब्युरो आहे, सीएसएमटीला उतरलं की शेजारीच. तिथे 200 रुपये भरून ठेव खातं उघडता येतं आणि नवीन निघालेली तिकिटं घरपोच येतात. तुझ्या नावाने उघड, बाबांच्या नावाने नको, कारण त्याचा आणखी एक उपयोग आहे. टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्ती 2017 पासून आहे, सहावी ते नववीच्या मुलांसाठी, वर्षाला 6000 रुपये. शाळेच्या फिलाटेली क्लबात नाव असावं लागतं किंवा स्वतःचं ठेव खातं असावं लागतं, मार्क चांगले लागतात आणि तिकिटांवर एक परीक्षा नि प्रकल्प असतो. तू सातवीत आहेस. येत्या रविवारी बाबांना सांग, आणि सोमवारी शाळा सुटल्यावर पेणच्या पोस्टात जाऊन यंदाचे फॉर्म कधी निघणार ते विचारून मला फोन कर.